घोंगडीचा कोपरा

माझं संशोधन कशावर आहे असं कोणी विचारलं की सुरुवातीला मी खरं उत्तर द्यायचे: सेंद्रिय रेणूंमध्ये प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन कसे जातात-येतात, याचा व्होल्टामेट्रीने अभ्यास. समोरचा माणूस "अरे वा" म्हणायचा आणि द्राक्षाच्या छाटणीवर बोलायला लागायचा. मग मी "मेंदीवर आहे" एवढंच सांगू लागले. ते खोटं नव्हतं. मेंदीच्या पानात जे रंगद्रव्य असतं, त्यावरून बेतलेलं एक संयुग मी बनवलं होतं आणि पाच वर्षं त्याच्या मागे होते. पण या उत्तरामुळे दोन लग्नांत मला नवरीचे हात रंगवायला बसवलं गेलं, आणि माझी मेंदी पाहून लोकांनी माझ्या पीएचडीबद्दल जे मत बनवलं ते अजून बदललेलं नाही.

मी वारूळवाडीला राहते आणि जवळच्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितकीच मी प्राध्यापक. सुट्टी लागली की कोणीच नाही. असं नऊ वर्षं चाललं होतं. त्या वर्षी आमच्या विभागात एक कायमची जागा निघणार होती, आणि मार्चअखेर प्रबंध सादर झालेला असेल तरच मला मुलाखतीला बसता येणार होतं. प्रबंधाची पहिली तीन प्रकरणं सगळ्यांच्या प्रबंधांत असतात तशीच होती. जे काही नवं निघायचं ते चौथ्या प्रकरणात निघायचं होतं, आणि चौथं प्रकरण अजून कोरं होतं.

मी नेमकं काय शोधते हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदा समजावून सांगितलं होतं. ते निरगुडसरला असतात. आमचं घर मूळचं मेंढरांचं. आता शेती भाऊ बघतो, पण रिकाम्या हाताने बसवत नाही म्हणून आबांनी अकरा मेंढ्या ठेवल्या आहेत. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात घेताना ते जाळीला एक फट ठेवतात आणि तिच्याशी उभं राहून एकेक मेंढी आत सोडतात. मी म्हटलं, माझा रेणू ही वाघर. इलेक्ट्रॉन ही मेंढी, प्रोटॉन हे कोकरू. दोघं एकदम आत शिरतात, का आधी मेंढी आणि मागून कोकरू, एवढंच मला शोधायचं आहे.

"आन् ते कळून काय व्हतं?" आबांनी विचारलं.

"पीएचडी व्हती."

"मग शोध," ते म्हणाले. मार्गदर्शन म्हणून मला मिळालेला तो सगळ्यात छोटा सल्ला होता.

प्रत्यक्षात असतं ते असं. काचेच्या छोट्या भांड्यात द्रावण आणि त्यात तीन कांड्या. त्यांतल्या एका कांडीच्या टोकाला तूरडाळीएवढा काळा, आरशासारखा गुळगुळीत ठिपका. व्होल्टेज हळूहळू एका दिशेला न्यायचं आणि त्याच वाटेने परत आणायचं. जाताना त्या ठिपक्यावरून इलेक्ट्रॉन रेणूत शिरतात, येताना बाहेर पडतात, आणि पडद्यावर जाताना एक उंचवटा उमटतो, येताना एक. दोन उंचवटे जवळजवळ असले तर सगळं सुरळीत. लांब गेले तर कुठेतरी काहीतरी रेंगाळतंय. मग द्रावणाचा पीएच थोडा वाढवायचा, म्हणजे त्यातले मोकळे प्रोटॉन कमी करायचे, आणि तेच सगळं पुन्हा करायचं. बस्स. याला पाच वर्षं कशी लागतात, असं माझ्या सासूबाई विचारतात.

लागतात, कारण अर्धा वेळ विजेत जातो आणि अर्धा घासण्यात. कॉलेजच्या मागे विहिरी आहेत. शेतीची लाइट एका आठवड्यात दिवसा असते, दुसऱ्यात रात्री. दिवसा असली की मोटारी सुरू होतात आणि माझ्या आलेखाला केस फुटतात. त्या आठवड्यात मोटारी सुरू होण्याआधीचा सकाळचा दीड तास काय तो माझा. आणि घासणं असं, की प्रत्येक मोजणीआधी तो काळा ठिपका लख्ख करावा लागतो. ओल्या कापडावर पांढरी बारीक पूड घ्यायची आणि कांडी उभी धरून इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं. मराठी आठ चालत नाही. तो एका बाजूने उघडा राहतो आणि ठिपका एकाच अंगाने झिजतो. हे शेवटचं मी विद्यार्थ्यांना गंमत म्हणून सांगते. ते वहीत उतरवून घेतात.

दिवाळीच्या सुमाराला माझं घासायचं कापड फाटलं. त्यासाठी खास कापड मिळतं. ते मागवलं, तर ते आठ दिवसांत येणार असल्याचं दर आठ दिवसांनी कळायचं. शेवटी मी नारायणगावच्या पेठेत एका जुन्या कापडाच्या दुकानात गेले. दुकानदार काकांचे पणजोबा राजस्थानातून आले. काका स्वतः आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. मी मखमल मागितली.

"ब्लाउजला की पडद्याला?"

"घासायला."

काकांनी उलगडत आणलेलं ठाण परत गुंडाळायला घेतलं. "ताई, मखमलीनं घासावं असं काय आहे तुमच्याकडे?"

मी समजावलं. त्यांनी गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं शांतपणे ऐकून घेतलं. "मग लोकर घ्या," म्हणाले, "दाबलेली, जाड. आणि ती माझ्याकडे कशाला शोधता? तुमचं माहेर निरगुडसर ना?"

काखेत कळसा म्हणतात तो हा. माझ्या कपाटात एक कोरी घोंगडी घडी घालून पडलेली होती.

ती आईची. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिने शेवटच्या वर्षी आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीचं सूत कातलं आणि शेजारच्या गावातल्या विणकराकडे दिलं. म्हाताऱ्या विणकराचे हात थरथरायला लागले होते, म्हणून सुताला लावायची चिंचोक्याची खळ आईने स्वतः शिजवली आणि ताण्यावर कुंच्याने स्वतः फिरवली. घोंगडी घेऊन आली तेव्हा म्हणाली, "तुज्या घरातली फरशी गार असती, खाली टाकत जा." मी टाकली नाही. ती पुठ्ठ्यासारखी कडक होती, आणि खरं सांगायचं तर फ्लॅटमध्ये ती कुठेच शोभत नव्हती.

तिच्या कोपऱ्यातून मी पंजाएवढा चौकोन कापला. आबांना विचारलं नाही. कात्री चालताना वाईट वाटलं. कापून झाल्यावर वाटलं, आईची लोकर प्रबंधात जाते आहे, ती खूशच झाली असती. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालणं फार सोपं असतं. चौकोन काचेवर चिकटवला, पाण्याने ओला केला, पूड टाकली आणि कामाला लागले.

पीएच पाचपासून साडेसहापर्यंतच्या मोजण्या आधीच झाल्या होत्या. त्यांत दोन्ही उंचवटे जवळजवळ, शहाण्यासारखे. आता सातची केली. उंचवटे लांब गेले. साडेसातलाही लांब, आठलाही लांब. सातची पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली, तिन्ही वेळा तेच. चूकसुद्धा किती इमानी असू शकते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी याचा अर्थ असा लावला की सातच्या आत मेंढी आणि कोकरू बरोबर शिरतात आणि सातपासून पुढे कोकरू मागे राहतं. या जातीच्या रेणूत असं वळण कोणी दाखवलेलं माझ्या वाचनात नव्हतं.

माझे मार्गदर्शक पुण्याला असतात. त्यांना काहीही पाठवलं तरी उत्तर एका शब्दाचं येतं, "भेटा." त्या दिवशी सरांनी आपण होऊन फोन केला. "तुमचं चौथं प्रकरण मिळालं," म्हणाले. मी स्टाफरूममध्ये उभी होते. सगळ्यांना पेढे वाटावेसे वाटले, पण कशाचे म्हणून सांगणार. घरी जाताना एकटीनेच उसाचा रस प्यायले.

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. रोज काम सुरू करण्याआधी एका ओळखीच्या रसायनावर कांडी तपासून घ्यायची असते. त्याचे उंचवटे कुठे यायला हवेत हे जगाला माहीत आहे. तिथे आले तर कांडी ठीक. याला अर्धा तास लागतो. माझ्याकडच्या दीड तासातला अर्धा तास. त्या दिवसांत मी ही तपासणी सोडून दिली होती. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं, आणि दूध चांगलं लागत होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी निरगुडसरला गेले. प्रबंध टाइप होऊन आला होता. पंधरा दिवसांवर विद्यापीठात त्याचं सादरीकरण होतं, ते झालं की मार्चमध्ये प्रबंध देता येणार होता. बिबट्यामुळे आबा हल्ली ऊन आहे तोवरच वाघर लावतात. मी पोचले तेव्हा ते फटीशी उभे होते.

"काय म्हणतंय तुजं कोकरू?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांनी ते त्यांच्या लक्षात होतं.

"मागं ऱ्हातंय, आबा. सातपतुर बरोबर जातंय, म्होरं मागं ऱ्हातंय." निरगुडसरच्या बांधावर पाय ठेवला की माझी भाषा आपोआप माहेरची होते.

"का?"

"त्याचा सोभावच तसा हाय."

"सोभाव असा मधीच बदालतो व्हय?" त्यांनी एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत ढकललं. "कोकरू थांबलं तर आमी आधी फट बगतो. काटं हायती का, जाळी खाली आलीय का. कोकराला बोल मागनं लावायचा. तू फट बगितली का?"

"लख्ख हाय फट. रोज घासती."

"कशानं?"

मी सांगितलं. कोपरा कापल्याचंही सांगितलं. "आईच्या घोंगडीचा," म्हटलं, आणि ते काय म्हणतात याची वाट पाहिली. एक मेंढी आत गेली, मग दुसरी गेली. तिसरीच्या शिंगात अडकलेली जाळी त्यांनी सावकाश सोडवली.

मग त्यांनी विचारलं, "खळ काढली व्हती का?"

नवी घोंगडी कडक असते ती खळीमुळे. चार-सहा वेळा धुतली, एक पावसाळा अंगावर गेला, की खळ निघून जाते आणि घोंगडी मऊ पडते. हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण ते माहीत असलेली मी निरगुडसरला राहायची आणि प्रयोग करणारी मी वारूळवाडीला, आणि दोघींची गाठ कधी पडलीच नव्हती. मी चहाला थांबले नाही. आबांना वाटलं मला राग आला.

सोमवारी सकाळी आधी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "आजपासून नवीन पॅड." त्याच्या खालची ओळ: "पीएच ७." साडेसहापर्यंतचं सगळं जुन्या कापडावर झालं होतं आणि सातपासूनचं सगळं घोंगडीवर. वळण रेणूत नव्हतं, वहीत होतं. इतके महिने मी ती दोन वाक्यं एकाखाली एक वाचली होती.

घोंगडीच्या चौकोनाची एक कड कापून गरम पाण्यात टाकली आणि त्या पाण्यात आयोडीनचे दोन थेंब सोडले. पाणी निळसर हिरवं झालं. चिंचोक्याच्या पिठाला आयोडीन असाच रंग देतो. म्हणजे मी दर वेळी ठिपका लख्ख करून, त्याच हाताने त्याच्यावर चिंचोक्याचा पातळ थर चढवत होते, आणि इलेक्ट्रॉनला त्यातून वाट काढावी लागत होती. मग सोडलेली ती ओळखीच्या रसायनावरची तपासणी केली. त्याचेही उंचवटे लांब गेले. ती पहिल्या दिवशी केली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

चौकोन धुवायला घेतला. गरम पाणी, पिळणं, त्या पाण्यात आयोडीन, रंग. पुन्हा गरम पाणी. सातव्या पाण्याला रंग आला नाही, ते नुसतं पिवळं राहिलं. ती खळ आईने चुलीवर शिजवली होती आणि मी ती एकेक बीकर करून सिंकमध्ये ओतली. तिथे मला रडू आलं. खळ गेली म्हणून, का चौथं प्रकरण गेलं म्हणून, हे वेगवेगळं करून मला सांगता येणार नाही. मोटारी सुरू व्हायला अजून अर्धा तास होता, म्हणून तोंड धुऊन मी सातची मोजणी केली. उंचवटे जवळ आले. पुढच्या दोन दिवसांत साडेसातचे आले, आठचेही आले.

आणखी दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. कोणाला कळलं नसतं, हे मला नीट माहीत होतं. सादरीकरणाला बसणाऱ्या एकाही माणसाने घोंगडी हातात धरलेली नसते. प्रबंध गेला असता, मुलाखत झाली असती, आणि ते सातचं वळण ग्रंथालयात धूळ खात सुखाने पडून राहिलं असतं. मी हे सगळं मनात पूर्ण रंगवून पाहिलं. फक्त त्या चित्रात आबा येऊन "काय म्हणतंय कोकरू?" असं विचारायचे, आणि त्याचं उत्तर मला सुचत नव्हतं.

पुण्याला गेले. "सर, सातचं वळण माझ्या कापडाचं आहे, रेणूचं नाही," मी उभ्या उभ्याच सांगितलं आणि जुने-नवे आलेख शेजारी ठेवले.

सरांनी ते बराच वेळ पाहिले. "कोणी पकडलं?"

"वडिलांनी."

"ते याच विषयातले?"

"मेंढरं राखतात."

सर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची आभारी आहे. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाले, "सगळी मालिका पहिल्यापासून, एकाच कापडावर. तपासणीसकट."

"मग मार्च?"

"मार्च नाही."

मार्चनंतर मुलाखती झाल्या. जागा एका तरुणाला मिळाली. तो चांगला शिकवतो. आमचं यंत्र कसं सुरू करायचं, कोणत्या आठवड्यात मोटारी कधी सुरू होतात, हे मी त्याला दाखवलं. मी दहाव्या वर्षीही तासिका तत्त्वावर राहिले. वाईट वाटलं का, तर वाटलं. पहिल्या दिवशी तो खुर्चीवर बसला तेव्हा मी उगाचच प्रयोगशाळेत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. नवं चौथं प्रकरण लिहिलं. त्यात असं आहे की माझ्या संयुगात, मी मोजलेल्या सगळ्या टप्प्यांवर, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या जाण्यात अंतर सापडत नाही. अशा रेणूंबद्दल हे साधारण सगळ्यांना आधीच माहीत होतं. नवीन आहे ती पद्धतीच्या भागातली एक ओळ: घासण्याची लोकर खळ पूर्ण निघेपर्यंत गरम पाण्याने धुऊन घ्यावी. प्रबंध त्या पावसाळ्याअखेर दिला.

दिवाळीत निरगुडसरला गेले. घोंगडी मी उन्हाळ्यातच आबांना नेऊन दिली होती. तिचा एक पावसाळा झाला होता आणि ती त्यांच्या खांद्यावरून मऊ लोंबत होती, एक कोपरा नसलेली. ते नेहमीसारखे फटीशी उभे होते.

"काय म्हणतंय कोकरू?"

"न्हाई ऱ्हात मागं, आबा. दोगं बरोबरच जात्यात. शेवटपतुर."

"मंग खळच व्हती म्हण."

"खळच व्हती. सात पाण्यानं धुतली तवा निगाली."

"तिची खळ सहजी निगायची न्हाई," ते म्हणाले. त्यात थोडा अभिमान होता. कॉलेजातल्या जागेचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही. गेल्या पाच वर्षांत माझ्या कामातून जे निघालं ते ऐकून सासूबाई, सहकारी, सर, कोणाचाच चेहरा उजळला नव्हता. आबांचा उजळला होता. ते का, हे मला कळेना.

शेवटची मेंढी आत गेली, तिच्या पोटाला लागून तिचं कोकरू गेलं. आबांनी जाळी ओढून फट बंद केली.

"बरोबर जात्यात ना, मंग बरं झालं," ते म्हणाले. "मागं ऱ्हायलेल्याचं लई अवघड असतं, बाय."

मी जाळीचं दुसरं टोक धरलं आणि खुंटाला बांधलं.